नवं इन्स्ट्रुमेंट काढायचंय, पण कुणाच्या हातासाठी?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: नेत्रशल्यशास्त्रात एमएस नुकतंच झालंय, फेको, म्हणजे अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून काढायची शस्त्रक्रिया, हातात बसायला लागलाय, आणि डोक्यात दोन उपकरणं घोळतायत. एक, ज्यातून पाणीही वाहील असा चॉपर, म्हणजे मोतीबिंदू फोडायचं बारीक हत्यार. दुसरं, खोल गेलेल्या डोळ्यांसाठी वेगळ्या वाकणीचा वेक्टिस, म्हणजे मोतीबिंदूचा गाभा बाहेर काढायची कडी. आत्ताच पेटंट घ्यावं का, की आधी करिअर उभं करावं? आणि जिल्ह्याच्या गावात राहून हे जमतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. जमतं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतलं माझं सगळ्यात आवडतं उपकरण नेपाळच्या तराईत, आपल्या सीमेजवळच्या लाहान गावात तयार झालं. ३० गेजच्या साध्या इंजेक्शनच्या सुईपासून. अल्ब्रेख्त हेनिग हे जर्मन सर्जन तिथल्या सगरमाथा चौधरी नेत्र रुग्णालयात काम करत होते. सीमेच्या दोन्ही बाजूंनी रुग्णांची रीघ, मोतीबिंदू पिकून तपकिरी आणि कडक झालेले, फेकोचं यंत्र त्या गर्दीला आणि त्या खर्चात परवडणारं नाही. मग छोट्या छेदाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया, म्हणजे आपली एसआयसीएस. तिथे खरी अडचण एकाच जागी येते: न्यूक्लियस, म्हणजे मोतीबिंदूचा कडक गाभा, बाहेर काढायचा कसा?

त्याच्या वर कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा आहे. कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी एकदा गेल्या की नव्याने तयार होत नाहीत. खाली भिंगाच्या पिशवीचा मागचा पापुद्रा आहे, मधोमध जेमतेम चार मायक्रॉनचा. हेनिग यांनी सुईचं टोक नीडल होल्डरने मासे धरायच्या गळासारखं वाकवलं. सुई टोक आडवं ठेवून न्यूक्लियसच्या खालून सरकवायची, मग टोक वर फिरवून न्यूक्लियसच्या पोटात रुतवायचं आणि सरळ बाहेर ओढायचं. वर, कॉर्नियाच्या बाजूला, कुठलंही हत्यार येतच नाही. २००३ साली त्यांच्या गटाने ५०० डोळ्यांचे निकाल ब्रिटिश जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीत छापले. एका शस्त्रक्रियेला सरासरी चार मिनिटं लागली होती.

या वाकवलेल्या सुईत बघण्यासारखं काय आहे? नवी धातू नाही, मोटर नाही, पेटंट घ्यावं असं काही नाही, कारखाना नाही. अडचण मात्र अचूक पकडलेली आहे, आणि ती एकाच सर्जनच्या एका अवघड केसची नाही, तर रोज रांगेत येणाऱ्या डोळ्यांची आहे. शिवाय ती सुई वापरायला दुसऱ्याला शिकवता येतं. तुमच्या प्रश्नाला माझं सगळं उत्तर या शेवटच्या वाक्याभोवती आहे. स्वतःच्या हाताला सोयीचं हत्यार कुणीही बनवतं. रेसिडेंट झाल्यावर आपण प्रत्येकाने २६ गेजची सुई वाकवून सिस्टिटोम, म्हणजे भिंगाची पिशवी उघडायचं हत्यार, बनवलेलं असतं, आणि प्रत्येकाला आपलीच वाकण सगळ्यात बरी वाटते. उपकरण म्हणायला लायक ते, जे दुपारच्या पाचव्या केसला, दमलेल्या, मध्यम कुवतीच्या, अनोळखी सर्जनच्या हातातही तेवढंच सुरक्षित राहतं.

म्हणून एक सल्ला आत्ताच. तुमचा नमुना तयार झाला की तो विभागप्रमुखांना दाखवून वाहवा घेऊ नका. चांगल्या सर्जनला काहीही द्या, तो निभावून नेतो. त्याच्या कौतुकावरून उपकरणाबद्दल काहीच कळत नाही. दुसऱ्या वर्षाच्या पीजीला बकऱ्याच्या डोळ्यावर वापरायला द्या आणि तोंड मिटून बघत बसा. "सर, हे कसं धरायचं?" असं त्याने विचारलं, तर हँडल चुकलंय.

आता चार्ल्स केलमन. न्यूयॉर्कच्या या माणसाची गोष्ट सगळ्यांना अर्धीच माहीत असते. दंतवैद्याच्या खुर्चीत बसले होते, दात साफ करणारं अल्ट्रासाउंडचं यंत्र तोंडात गुणगुणत होतं, आणि फेकोची कल्पना सुचली. खुर्चीत रोज हजारो लोक बसतात, त्यांना काही सुचत नाही. केलमन यांना त्याआधी, छोट्या छेदातून मोतीबिंदू काढण्याचा मार्ग शोधण्यासाठी, तीन वर्षांचं अनुदान मिळालेलं होतं. चिरडणं, फिरत्या पात्याने कापणं, असे उपाय करून झाले होते आणि अनुदानाची मुदत संपत आली होती. प्रश्न इतका मुरलेला होता, की दातावरचा थर दात न हलवता निघतोय हे बघताच त्यांना मोतीबिंदू दिसला.

आणि सुचल्यानंतरच खरं काम सुरू झालं. सेकंदाला सुमारे ४०,००० वेळा थरथरणारी सुई तापते आणि छेदाच्या कडा भाजते, म्हणून तिच्याभोवती थंड द्रव वाहता ठेवायला नळी हवी. फुटलेले तुकडे ओढून घ्यायला सक्शन हवं. जेवढं ओढलं तेवढं लगेच आत जायला हवं, नाहीतर डोळ्याची पोकळी चेपते. फेको म्हणजे या तिन्हींचा ताळमेळ. १९६७ साली त्यांचा शोधनिबंध आला आणि पुढची कित्येक वर्षं बहुतेक सर्जन त्यापासून लांबच राहिले. हे लोक जुनाट होते म्हणून, असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. त्या काळच्या सर्जनच्या जागी बसून बघा.

हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, ते पीएमएमए या प्लॅस्टिकचं, टणक. युद्धात विमानांच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्सचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत जाऊनही डोळा चिडत नाही हे त्यांनी पाहिलं होतं. त्या पदार्थाची निवड उत्तम होती, पण भिंग दुमडत नाही. केलमन यांच्या यंत्राने तीन मिलिमीटरच्या छेदातून मोतीबिंदू काढला, तरी भिंग बसवायला तोच छेद सहा-सात मिलिमीटरपर्यंत वाढवून टाके घालावे लागत. मग एवढं महागडं, शिकायला अवघड यंत्र घेऊन रुग्णाला मिळालं काय? १९८० च्या सुमारास हीलॉनसारखे जेल आले आणि कॉर्नियाला आतून कवच मिळालं. थॉमस मझोको यांनी १९८४ मध्ये दुमडणारं सिलिकॉनचं भिंग बसवलं. गिंबेल आणि नॉयहान यांनी पिशवीला गोल, अखंड छिद्र पाडायची पद्धत रूढ केली, त्यामुळे न्यूक्लियस पिशवीतच फोडता येऊ लागला. तेव्हा कुठे फेको सर्वमान्य झाला. एकट्या उपकरणाला अर्थ नसतो, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पायऱ्याही तयार असाव्या लागतात.

हे सगळं लांबण लावून सांगितलं ते तुमच्या पहिल्या कल्पनेसाठी. पाणी सोडणारा चॉपर अस्तित्वात आहे. चेन्नईचे अमर अग्रवाल यांनी १९९८ मध्ये फेकोनिट केलं: फेकोच्या सुईभोवतीची नळी काढून टाकली, सुई उघडीच एका बारीक छेदातून आत, आणि पाणी दुसऱ्या हातातल्या चॉपरमधून. छेद एक मिलिमीटरच्याही खाली आला. लगेच नवी अडचण उभी राहिली. चॉपरच्या बारीक भोकातून पाणी पुरेसं येत नाही. सुईच्या तोंडाशी अडकलेला तुकडा अचानक सुटला की साठलेल्या सक्शनचा झटका बसतो, समोरची पोकळी कोसळते आणि मागचा पापुद्रा थेट सुईच्या तोंडाशी येतो. सर्ज म्हणतात तो हाच. त्यावर सुनीता अग्रवाल यांनी काढलेला उपाय मला फार आवडतो: घरातल्या माशांच्या टाकीला हवा पुरवणारा पंप फिल्टर लावून सलाइनच्या बाटलीला जोडायचा. बाटलीत हवेचा दाब वाढला, पाणी जोराने आत गेलं, पोकळी टिकली. पुढे मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांतही दाब देऊन द्रव आत ढकलण्याची सोय आली.

तरीही आज ओटीत बघा, बहुतेक जण नळी असलेल्या सुईनेच, २.२ ते २.८ मिलिमीटरच्या छेदातून फेको करतात. कारण तेच, केलमनच्या वेळचं. एक मिलिमीटरच्या छेदातून मोतीबिंदू निघाला तरी रोजच्या वापरातलं भिंग तिथून आत जात नाही. म्हणजे तुमचा चॉपर कितीही सुबक झाला, तरी तो ज्या शस्त्रक्रियेसाठी लागतो तीच आता थोडे लोक करतात. शिवाय त्याला पोकळ नळी आहे, आणि पोकळ नळी म्हटलं की मला आधी सिस्टर आठवते. अरुंद नळीत जेल वाळून बसतं, डिटर्जंटचा अंश राहतो, ऑटोक्लेव्हमध्ये जंतू मरतात पण हा अंश तसाच राहतो, आणि दुसऱ्या दिवशी रुग्णाचा कॉर्निया पांढरा सुजलेला. टास म्हणतात त्याला, जंतूंशिवायची ही जळजळ. केस संपल्याबरोबर नळी डिस्टिल्ड वॉटरने धुवून काढणं सिस्टरच्या हातात असतं. दिवसाला चाळीस केस असतील तर ते प्रत्येक वेळी होईल का, हे उपकरण काढणाऱ्यानेच आधी विचारायचं.

मी असं म्हणतोय म्हणून कल्पना सोडून द्या असं नाही. पण त्यावर पैसे घालू नका.

करिअरबद्दल. एमएसच्या तीन वर्षांत कुठल्या कॉलेजात किती हात लागतो यात प्रचंड तफावत आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या जागी मी असतो तर पुढची दोन-तीन वर्षं मोठ्या संख्येच्या रुग्णालयात काढली असती, मग ते मदुराईचं अरविंद असो, पुण्याचं एच. व्ही. देसाई असो की आणखी कुठलं. पगाराचं गणित थोडं बिघडेल. पण उपकरण सुचायला संख्या लागते. एखादी अडचण महिन्यातून एकदा आली तर आपण तिला नशीब म्हणतो. तीच रोज आली तर तिचा आकार दिसायला लागतो: नेमकी कोणत्या पायरीला येते, कोणत्या डोळ्यांत येते, उजव्या हाताला येते की डाव्या. ओटी संपल्यावर पाच मिनिटं काढा आणि वहीत एवढंच लिहा की आज हात कुठे थांबला. आपल्या शस्त्रक्रियांचे व्हिडिओ बघताना गुंतागुंतीच्या केस बघू नका, सरळ झालेल्या बघा. त्यात हात जिथे उगाच दोनदा जातो, ती जागा उपकरणाची.

मदुराईचं नाव निघालंच आहे म्हणून. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांची बोटं तरुणपणीच संधिवाताने वाकडी झाली. बाळंतपणाच्या शास्त्राकडे जायचं होतं, ते सोडून डोळ्यांकडे वळले आणि त्या बोटांना धरता येतील अशी हत्यारं वापरून शस्त्रक्रिया शिकले. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये ११ खाटांचं अरविंद सुरू केलं. १९९२ मध्ये त्यातून ऑरोलॅब उभी राहिली आणि आयात भिंगांच्या किमतीच्या लहानशा भागात भारतात भिंग बनू लागलं. उपकरणांच्या इतिहासात मी या भिंगाचा क्रमांक बऱ्याच पेटंटांच्या वर लावीन. त्यात नवा आकार नव्हता, नवी किंमत होती. शिबिरातल्या म्हाताऱ्यांचे जाड चष्मे गेले ते त्या किमतीमुळे.

दुसऱ्याची कल्पना थोडी पुढे नेणं यात कमीपणा नाही, हेही सांगतो. बाहुली उघडत नाही ही जुनी डोकेदुखी. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्या आजोबांमध्ये आयरिस, म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, लिबलिबीत होऊन शस्त्रक्रियेच्या मध्येच बाहुली मिटते, हे २००५ मध्ये चँग आणि कॅम्पबेल यांनी दाखवून दिलं. आधी चार हुक लावून बाहुली ताणायचे, म्हणजे चार जादा छिद्रं. मॉस्कोच्या बोरिस माल्युगिन यांनी एकाच छेदातून जाणारी चौकोनी रिंग काढली, कोपऱ्यांवर वेटोळी असलेली. कोलकात्याच्या सुवेन भट्टाचार्जी यांनी वेटोळी काढून टाकून एका पातळीत राहणारी पातळ षट्कोनी रिंग केली, बी-हेक्स. प्रत्येक वेळी एखादी गोष्ट कमी झाली आहे, वाढलेली नाही. परिषदांमधल्या स्टॉलवर याच्या उलट चित्र असतं. नागाहारा यांनी १९९३ मध्ये लाकूड फोडण्याच्या तंत्रावरून फेको चॉप दाखवला, आणि तेव्हापासून अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे करून, दांड्यावर आपलं नाव कोरून, चॉपरांचं अमाप पीक आलंय. त्यातले बहुतेक त्या-त्या सर्जनच्याच ट्रेमध्ये असतात.

नमुना बनवताना काही गोष्टी कागदावर दिसत नाहीत. मायक्रोस्कोपचं भिंग आणि डोळा यांत साधारण २०० मिलिमीटर अंतर असतं, तेवढ्यात हँडल, बोटं आणि वळवण्याची मोकळीक सगळं बसायला हवं. ज्याला बोटांत फिरवायचंय त्याचं हँडल गोल आणि खरबरीत, ज्याला फिरू द्यायचं नाही त्याचं चपटं. चकचकीत पॉलिश दुकानात छान दिसतं आणि मायक्रोस्कोपच्या उजेडात डोळे दिपवतं, मॅट फिनिश मागा. टायटेनियम हलकं आणि चुंबकत्व न धरणारं, पण धारेसाठी स्टीलच. उपकरण छेदात वल्ह्यासारखं चालतं, बाहेर हात डावीकडे गेला की आत टोक उजवीकडे. त्यामुळे मानेचा कोन पाच अंशांनी बदलला तरी छेदाचं तोंड ताणलं जातं आणि पाणी गळतं. हे सगळं कारागिराला फोनवर सांगून होत नाही. जर्मनीतलं टुटलिंगन किंवा पाकिस्तानातलं सियालकोट ही गावं पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रक्रियेची हत्यारं बनवत आली, ती हाताने घासणाऱ्या लोकांच्या जोरावर. आपल्याकडेही अशी माणसं आहेत. त्यांच्या बाकावर शेजारी जाऊन बसा. आणि इंजिनिअरची मदत हवी असेल तर आयआयटी मुंबईचं बेटिक आहे, पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी त्याच्याशी जोडलेलं आहे. डॉक्टरांच्या अडचणींवर उपकरणं करणं हेच त्यांचं काम.

पेटंटचं थोडक्यात. आपल्या १९७० च्या कायद्याच्या कलम ३(आय) प्रमाणे शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही, उपकरणावर मिळतं. मला हे योग्य वाटतं. अमेरिकेत सॅम्युएल पॅलिन यांनी बिनटाक्याच्या छेदाच्या पद्धतीवर पेटंट घेतलं आणि तो छेद वापरणाऱ्या जॅक सिंगर या सर्जनवर दावा लावला. १९९६ मध्ये ते प्रकरण पॅलिन यांच्या विरोधात गेलं आणि त्याच वर्षी डॉक्टरांना अशा दाव्यांपासून वाचवणारी तरतूद अमेरिकी काँग्रेसने केली. उपकरणासाठी तात्पुरता अर्ज आधी करा. व्यक्तीला ऑनलाइन १,६०० रुपयांत करता येतो, आणि पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. तो करण्याआधी एमओएसच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेच्या, परिषदेत व्हिडिओ दाखवू नका, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नाही. नावीन्य तिथेच संपू शकतं. खरा खर्च पुढे, एजंटचा आणि परदेशातल्या अर्जांचा. विक्रीसाठी २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स लागू होतात. साधी हातातली उपकरणं कमी धोक्याच्या अ वर्गात येतात, डोळ्यात राहणारी भिंगं क वर्गात, आणि त्या दोन वाटांमध्ये खर्चाचा आणि वर्षांचा मोठा फरक आहे. परवान्याची जबाबदारी उत्पादकाची असते. पण रुग्णावर पहिला वापर करण्याआधी नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची संमती ही तुमची.

राहिला वेक्टिस. ही कल्पना मला बरी वाटते, कारण खोल डोळा आणि पुढे आलेली भुवई ही आपल्याकडच्या म्हाताऱ्या रुग्णांत रोजची गोष्ट आहे, आणि वरून छेद घेतला की वेक्टिसचं हँडल भुवईवर टेकून टोक आपोआप खाली झुकतं. पण नमुना करण्याआधी त्याच प्रकारच्या डोळ्यांत बाजूने, कानाच्या दिशेने बसून टेम्पोरल छेद घेऊन बघा. तिथे भुवई आडवी येत नाही. अडचण तेवढ्याने गेली, तर हवी होती ती खुर्चीची जागा बदलणं. तुमच्या शिबिरात टेबलाच्या बाजूला बसायला जागा नसेल, मायक्रोस्कोप भिंतीला लावलेला असेल, किंवा शिकणाऱ्या पीजींना फक्त वरचाच छेद येत असेल, तर वेक्टिसला काम आहे. तसं असेल तर मानेचे तीन वेगवेगळे कोन करून घ्या, त्यावर खुणेपुरते रंग लावा, कोणता कोन कोणता हे पीजींना सांगू नका, आणि सरावाच्या डोळ्यांवर आठवडाभर वापरल्यावर कोणत्या रंगाचा वेक्टिस ते ट्रेमधून आपणहून उचलतात ते सिस्टरला लिहून ठेवायला सांगा.